मुठीमुठीची शाळा

भाऊबीज झाली, ओवाळणीची तबके घासूनपुसून मांडणीवर गेली, की इतरत्र दिवाळी संपते. आमच्या झाडीपट्टीत ती तेव्हा कुठे रंगात येते. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर धान पिवळा पडलेला असतो आणि गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा बाजार, पाळणे, दंडार, रात्री नाटक. लेकीजावई, सोयरेधायरे दूरदूरहून येतात. ज्या घरात एरवी चार माणसांची पंगत, तिथे त्या दिवशी पंधरा पाने पडतात. नाटक आणायचे ते वडशाहून, आणि त्याची जोखीम गावातल्या मंडळाची. कोणी मंडपाला बांबू देतो, कोणी बैलगाडी देतो, कोणाच्या घरी नटांचे जेवण. रात्रभर चाललेले ते नाटक सारे गाव आपलेच समजून पाहते, कारण ते खरोखरच त्याचे असते.

एका वर्षी अशाच मंडईत, पहाटेच्या गारठ्यात, पुण्याहून आलेले एक पाहुणे माझ्या शेजारी घोंगडी पांघरून बसले होते. अंक संपला तेव्हा ते म्हणाले, “एका रात्रीच्या नाटकासाठी हे गाव एवढे एक होते, मग शाळेसाठी का होत नाही?”

प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. तरीही तो मला लागला आणि त्या वेळी काही उत्तर सुचले नाही. पुढे जुने वाचता वाचता ध्यानात आले, की उत्तर आहे. फक्त ते कोणी एकत्र मांडलेले नाही. गाव शाळेसाठी एक झालेले आहे, एकदा नव्हे, अनेकदा. त्याच्या मुठीतले धान्य, त्याची जमीन, त्याचे श्रम, त्याचा बांबू, असे जे जे त्याच्याजवळ होते ते त्याने शाळेपुढे ठेवलेले आहे. ती हकिगत आज सणाच्या निमित्ताने सांगावी असे मनात आहे.

*

आधी मुलूख समजून घ्यावा लागेल. चंद्रपूरचे जुने नाव चांदा. गोंड राजांची ही राजधानी. तिचा परकोट अजून उभा आहे. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानांची आखणी झाली. ज्या रानातून लोक पिढ्यान् पिढ्या मोह, तेंदू, बांबू आणीत, तिथे त्यांना परवानगी मागावी लागू लागली. १९८२ च्या ऑगस्ट महिन्यात या विस्तीर्ण जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. इंद्रावतीच्या काठापर्यंत पसरलेले ते रान. त्यात दहा-वीस घरांचे टोले, आणि मधे पावसाळ्यात माणसाला पलीकडे जाऊ न देणारे नाले.

अशा ठिकाणी शाळा काढायची म्हणजे तीन अडचणी. एक अंतराची. दुसरी पैशाची, कारण इथल्या घरात धान्य असे, मोह असे, पण रोकड नसे. आणि तिसरी भाषेची. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या मुलाला शाळेत पहिल्या दिवशी जी मराठी ऐकू येई, ती त्याला परक्या मुलुखाचीच वाटे.

पण म्हणून इथे शिक्षण नव्हतेच असे समजणे चूक होईल. माडिया गावात गोटुल असे. गावाने मिळून बांधलेली, गावाने मिळून शाकारलेली ती वास्तू. तरुण मुलेमुली तिथे जमत. गाणी, नाच, रीतिरिवाज, थोरांपुढे कसे वागावे, पाहुण्याला कसे वागवावे, हे सारे तिथेच अंगी लागे. बाहेरच्यांनी गोटुलाबद्दल भलतेसलते पुष्कळ लिहिले आहे. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते, की ती इमारत कोणा एकाच्या मालकीची नव्हती आणि तिच्या दारात कोणी फी मागत नव्हते. गावाने सामाईक ठेवलेली शिक्षणाची जागा ही कल्पना या रानाला कोणी बाहेरून आणून दिलेली नाही.

*

शाळेचा खर्च कोणी करायचा, हा वाद मात्र जुना आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. त्यांचे म्हणणे असे, की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. मुंबई इलाख्यात सारा भरताना रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा म्हणून वेगळा द्यावा लागे आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. म्हणजे कुणब्याने शाळेचे पैसे भरलेले होतेच. त्याच्या मुलाला शाळा मात्र मिळालेली नव्हती. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. आपल्याला त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

१९११ साली नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते आपल्या राज्यापुरते करून दाखविले. पण जिथे राजाही पाठीशी नव्हता आणि सरकारही, तिथे काय करावे? याचे उत्तर सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी दिले. १९१९ साली काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. मुलांना जेवू घालायचे कशावर? भाऊरावांनी मुष्टिफंडाची रीत पाडली. घरच्या बाईने दळणाला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवावे. ते गोळा करून वसतिगृहाच्या कोठीत यावे. मूठ इतकी लहान, की तिने घरात कोणी उपाशी राहत नाही. आणि घरे इतकी, की कोठी रिकामी पडत नाही. मुठी कमी पडल्या, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. वसतिगृहातली मुलेही आपले काम आपण करीत. त्यांना भिक्षेकरी म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

साताऱ्याची ही मूठ चांद्यापर्यंत जशीच्या तशी आली नाही. पण आमच्या मध्यप्रांतातही, बहुधा त्याच ओढीने, एक निराळा प्रयोग झाला. त्याचे नाव विद्यामंदिर योजना. १९३७ साली प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि शिक्षणखाते पंडित रविशंकर शुक्लांकडे गेले. तिजोरीत पैसा नाही आणि हजारो गावांत शाळा नाही, असा पेच होता. शुक्लांनी मांडले, की खेड्यात रोकड नाही, पण जमीन आहे. जमीनवाल्यांनी शाळेसाठी शेत द्यावे. त्या शेताच्या उत्पन्नावर शिक्षकाचा निर्वाह व्हावा. देवळाला इनाम जमीन असते, तशी विद्येच्या मंदिरालाही असावी. शेजारच्या वर्ध्यात त्याच सुमारास गांधीजींची नई तालीम आकार घेत होती. विद्यामंदिरांच्या शिक्षकांची तयारीही वर्ध्यासच सुरू झाली.

योजनेचे पुढे काय झाले? ‘मंदिर’ या शब्दावरून मुस्लिम लीगने मोठा आक्षेप घेतला आणि जमिनीपेक्षा नावाचाच वाद अधिक गाजला. १९३९ च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला. तिच्यात उणिवाही होत्या. पाऊस दगा देईल त्या वर्षी शिक्षकाने काय खावे? आणि ज्या गावात सारेच भूमिहीन, तिथे दान कोणी द्यावे? तथापि, शाळेला गावाच्या ठेव्यातला एक कायमचा वाटा असावा, हा तिच्यातला विचार खोटा नव्हता. तो सत्तर-ऐंशी वर्षांनी याच रानात निराळ्या रूपाने उगवलेला आपल्याला दिसेल.

*

जमिनीचा प्रश्न असा अर्धवट राहिला. भाषेच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला वर्धा नदीच्या पलीकडे जावे लागते. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका त्या काळी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९४० साली त्या रानात कुमराम भीमचे बंड झाले आणि ते मोडले गेले. हादरलेल्या निजाम सरकारने गोंडांची दुःखे समजून घेण्यासाठी क्रिस्टोफ फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला बोलावले. तो पत्नीसह मारलावाई या गोंड खेड्यात राहिला. १९४३ साली तिथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग निघाला आणि मुलांसाठी पुस्तके तयार झाली. भाषा गोंडी आणि लिपी देवनागरी. मास्तर गोंड, पुस्तक गोंडी, शाळेची झोपडी गोंडांच्याच गावातली. मुलाच्या तोंडची भाषा हेही गावाचे सामाईक धन आहे आणि ते वापरले तर शिक्षण निम्म्या कष्टात होते, हे तिथे दिसून आले.

मग निजामाचे राज्य गेले, प्रांतांच्या सीमा बदलल्या, शाळांची भाषा तेलुगू झाली आणि गोंडी पुस्तके मागे पडली. १९५६ साली घटनेत दुरुस्ती झाली आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे कलम ३५० (क) मध्ये लिहिले गेले. पण गोंडी मुलाला पहिल्या दिवशी ऐकू येणारी शाळा परकी ती परकीच राहिली.

*

इथे मला माझ्याच शाळेतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या वर्गात तिघांत मिळून एक पुस्तक असे. पुस्तक मध्ये, आणि तिघांची डोकी त्यावर. पुढच्या वर्गातल्या मुलांची जुनी पुस्तके अर्ध्या किमतीत घ्यायची, खळीने चिकटवायची, आणि वर्ष संपले की पुन्हा अर्ध्याच्या अर्ध्या किमतीत मागच्यांना द्यायची, अशी रीतच होती. आम्हा तिघांतला तिसरा हुशार होता. पुस्तक त्याच्याकडे नेहमी उलटे येई, कारण तो समोर बसे. त्यामुळे त्याला उलटी अक्षरेही सुलट्याइतकीच भराभर वाचता येत. दसऱ्यानंतर तो यायचा थांबला. गावाच्या गुरांमागे त्याला ढोरकी म्हणून लावले होते. वर्षाकाठी मिळणारे धान त्याच्या घराला हवे होते.

पुस्तक आम्ही वाटून घेतले होते. त्याचा वेळ कोणी वाटून घेतला नाही. हे मला फार उशिरा कळले. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल गुरांमागे जाते ना, मग शाळाही गुरांमागे कुरणात जाईल. रानातल्या बिया आणि खडे हीच तिथली साधने. ते वाचले तेव्हा मला आमचा तिसरा आठवला. गरिबाला पाटी-पुस्तक दिले की झाले, असे आपण समजतो. पण मूल म्हणजे घराचे दोन हात असतात. ते हात सोडवायचे, तर त्यांचे काम कोणीतरी वाटून घ्यावे लागते, किंवा शाळेने आपली वेळ बदलावी लागते.

*

आता पुन्हा चांद्याकडे. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले, ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला एक भाग मात्र कमी सांगितला जातो. ज्या कुष्ठरोग्यांच्या सावलीला लोक उभे राहत नसत, त्यांनी साठीच्या दशकात आपल्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या आनंदवनात महाविद्यालय आणले आणि त्यात शिकायला आली ती वरोरा आणि आसपासच्या खेड्यांतली निरोगी मुले. ज्यांना समाजाने काही दिले नव्हते, त्यांनी समाजाला शाळा दिली.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबांनी भामरागडच्या रानात, हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. आधी दवाखाना आणि मग १९७६ साली शाळा. शाळेपुढे त्याच तीन अडचणी होत्या. पावसाळ्यात वाट बंद. पालकांचा रोकडा सवाल, की पोरगा शाळेत गेला तर गुरे कोण राखील, धाकट्याला कोण सांभाळील? आणि भाषा माडिया. आणून बसविलेली मुले रानवाटांनी पायीच घरी पळून जात. मास्तरांनी माडिया शिकून घेतली, गावोगाव फिरले, पुन्हा मुले आणली. मला या साऱ्यात एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आमटे दांपत्याची स्वतःची मुले याच शाळेत, याच माडिया मुलांबरोबर शिकली. ज्या शाळेत आपण आपले मूल घालतो तीच शाळा आपण खऱ्या अर्थाने वाटून घेतलेली असते. बाकीची दान केलेली. पुढे या शाळेतून माडिया डॉक्टर, शिक्षक, वकील बाहेर पडले.

हेमलकशाला बाहेरून आलेल्या माणसांनी सुरुवात केली. गावाने स्वतः सुरुवात केली, ती धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) येथे. गोंडांचे लहानसे गाव. देवाजी तोफा हे तिथले पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सोबती. गावाने अभ्यासगट चालविला. म्हणजे असे, की कायदा असो, मधमाशा असोत, की जंगलाची नोंद असो, ज्याला जे ठाऊक ते त्याने सांगावे, बाकीच्यांनी विचारावे, आणि निर्णय ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यावा. यात परीक्षा नाही, इयत्ता नाही. निरक्षर म्हातारा आणि शहरातून आलेला पदवीधर एकाच सतरंजीवर. याच अभ्यासाच्या बळावर २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गाव तयार होते. २००९ साली १८०९ हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा परवाना गावाच्या हाती आला. तिथून पुढे या जिल्ह्यातल्या कित्येक ग्रामसभांच्या कोशात बांबूचे आणि तेंदूपानांचे पैसे येऊ लागले. इतिहासात प्रथमच टोल्याजवळ रोकड आली, आणि तीही सामाईक.

त्या पैशाचे काय करावे? त्याच तालुक्यातल्या मोहगावाने २०१९ साली ग्रामसभेच्या ठरावाने शाळा काढली. तिच्या नावातच गोटुल आहे, आणि शिकविण्याची भाषा गोंडी. शुक्लांची शेतजमीन, मारलावाईची गोंडी आणि माडियांचे गोटुल या तीन निरनिराळ्या वाटा मोहगावात येऊन मिळाल्या, असे मला वाटते. मोहगावच्या लोकांनी त्या जुन्या गोष्टी वाचल्या असतील असे नव्हे. गरज तीच असली की उत्तरही तेच सुचते. शिक्षणखात्याने मात्र मान्यता नाही म्हणून ती शाळा अनधिकृत ठरविली, आणि गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे धाव घ्यावी लागली.

*

इथे फुल्यांचा तो मुद्दा पुन्हा आठवावा. गाव शाळेसाठी मूठ काढते, हे ऐकून आपले मन भरून येते; पण त्यात एक धोका आहे. गरिबाने आपली शाळा आपणच चालवावी, असे म्हणून श्रीमंतांनी आणि सरकारने हात झटकण्यास मुठीची कहाणी फार सोयीची आहे. ती तशी वापरली जाऊ नये. रयतेने आपला वाटा साऱ्याबरोबर भरलेला आहे, आदिवासींनी तर सारे रानच दिले आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. तेव्हा शिक्षक, इमारत, पुस्तक हे सरकारचे देणे आहे. गावाची मूठ असते ती शाळा आपली म्हणण्यासाठी. कोठी सरकारची आणि मूठ गावाची, असे दोन्ही असेल तिथेच शाळा टिकते. नुसती कोठी असली तर शाळा परकी राहते. नुसती मूठ असली तर एका दुष्काळात ती बंद पडते.

साधने वाटून घेणे म्हणजे शाळा कमी करणे नव्हे, हेही सांगावयास हवे. कोठारी आयोगाने साठीच्या दशकात शाळासंकुलाची कल्पना मांडली, ती अशी, की आसपासच्या लहान शाळांना मोठ्या शाळेची प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षक यांचा उपयोग व्हावा. त्यात लहान शाळा आपल्या जागी राहते. तिच्याकडे मदत चालत येते. २०२३ साली राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार पुढे आला. त्यात मदत जागच्या जागी राहते आणि मुलाला चालावे लागते. कागदावर दोन्हींना सामाईक साधनेच म्हणता येईल. पण पाच किलोमीटरचे अंतर पुण्यात निराळे, आणि आषाढात भरून वाहणाऱ्या नाल्याच्या अलीकडे निराळे.

त्या पाहुण्यांना मी आता एवढेच सांगेन, की गाव शाळेसाठी एक होते. फक्त शाळा आपली आहे अशी त्याची खात्री पटावी लागते. नाटकाची तशी खात्री त्याला आहे.

गेल्या मंडईत आमचा तिसरा मला भेटला. डोईवर पागोटे, हातात काठी, खांद्याला लगटून सात-आठ वर्षांची नात. नाटकाच्या फलकासमोर आम्ही उभे होतो. नाव काय आहे, असे त्याने मला विचारले. उलटी अक्षरे भराभर वाचणारा तो मुलगा मला आठवला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेवढ्यात नातीनेच बोट ठेवून, एकेक अक्षर लावीत नाटकाचे नाव वाचले. तिकिटाचा दरही वाचला. म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला आणि मग माझ्याकडे पाहून हसला.

ती गावातल्याच शाळेत जाते. तिच्या शाळेचा पट सतरा आहे.